चपाती बंद झाली, पण गहू घरातून गेला का?

आठ-दहा वर्षांचे मूल. वजन वाढत नाही, उंची खुंटलेली, पोट सतत फुगलेले. लोहाची औषधे महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. शेवटी तपासण्या होतात, ‘सिलिअॅक डिसीज’ असे निदान होते आणि डॉक्टर सांगतात, गहू आयुष्यभर बंद. घरचे लोक त्याच दिवसापासून चपाती, ब्रेड, बिस्किटे थांबवतात. मूल सुधारू लागते. पण वर्षभराने रक्त पुन्हा तपासले, तर उतरत आलेला आकडा मध्येच अडकलेला दिसतो. आई म्हणते, ‘चपातीचा तुकडासुद्धा दिलेला नाही हो.’ ती खरेच बोलत असते. गहू दुसऱ्याच वाटांनी पोटात जात असतो. कधी ज्वारीच्या पिठातून, कधी फोडणीच्या हिंगातून, तर कधी तळणीच्या तेलातून.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ग्लुटेनमुक्त खाणे तसे अवघड नाही. भात, भाकरी, घावन, आंबोळी, पिठले, उसळी, मासे, ताक हे सगळे मुळात ग्लुटेनमुक्तच. त्यासाठी महागडी पाकिटे आणावी लागत नाहीत. अवघड असते ते या पदार्थांना गव्हाचा संसर्ग होऊ न देणे.

आजार नेमका काय?

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत असलेल्या प्रथिनांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. काही विशिष्ट जनुके असलेल्या व्यक्तींमध्ये ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजतात, सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. लहान मुलांत जुलाब, पोटफुगी आणि खुंटलेली वाढ दिसते. मोठ्यांत तर पोटाची तक्रार नसतानाही नुसता रक्तक्षय, ठिसूळ हाडे, वंध्यत्व किंवा अंगावर खाजरे फोड एवढेच असू शकते.

गव्हाचा हा दोष उघड केला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९३० च्या दशकापासून त्यांना गव्हाविषयी शंका होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुले त्या उपासमारीतही सुधारू लागली. ब्रेड पुन्हा मिळू लागताच त्यांचा त्रास उलटला. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. आजही या आजारावर ग्लुटेन पूर्ण टाळणे हाच उपचार आहे.

भारतातही हा आजार दुर्मीळ नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात त्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. रोजच्या खाण्यातला गहूही उत्तरेत कितीतरी जास्त होता. महाराष्ट्र गहू आणि भात-ज्वारी यांच्या सीमेवरचा प्रदेश. इथेही शहरांत आणि खेड्यांत भाकरीची जागा चपातीने बरीचशी घेतली आहे.

एक सूचना मात्र सर्वांत आधी. संशय आला म्हणून स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये. ‘टीटीजी आयजीए’ ही रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोन्हींतून निदान होते. पण आधीच गहू सोडला असेल तर दोन्ही तपासण्या फसव्या येऊ शकतात. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नये. ज्यांना हा आजार नाही, त्यांनी वजन कमी करण्यासाठी किंवा फॅशन म्हणून ग्लुटेन सोडण्यात काही हशील नाही.

किती गहू म्हणजे जास्त?

‘एवढ्याशाने काय होते?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन सलग तीन महिने पोटात गेले, तर आतड्याचे अस्तर बिघडू शकते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात दिसून आले. ३० ग्रॅम कणकेच्या एका मध्यम चपातीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. म्हणजे चपातीचा पन्नासावा भागही रोज गेला तर पुरेसा आहे. पोळपाटावर चिकटलेली कणीक किंवा चाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ यांतून एवढे सहज जाते. त्रास लगेच जाणवेलच असे नाही. पोट दुखले नाही म्हणजे चालले, असा अर्थ काढू नये.

दुकानात काय पाहावे?

भारतात ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असते, त्यालाच ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणता येते, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. असे पीठ दिवसात पाव किलो खाल्ले तरी पाच मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन जात नाही. ते सुरक्षित मानले जाते.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर विसंबू नये. मागचा घटकांचा तक्ता वाचावा. आटा, मैदा, रवा, सुजी, सेमोलिना, दलिया, शेवया हे सगळे गहूच. बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे जव. मुलांना दुधातून दिल्या जाणाऱ्या अनेक पावडरींत आणि काही कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट असते. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ‘व्हीट-फ्री’ म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे, कारण त्यात जव असू शकतो. ‘मल्टिग्रेन’, ‘नाचणी बिस्किटे’, ‘ज्वारी कुकीज’ या नावांखाली पहिला घटक पुष्कळदा मैदा किंवा कणीक असतो. ओट्सचे पीक आणि कारखाने गव्हाबरोबरचे असल्याने त्यात भेसळ सहज होते. सुरुवातीला ओट्स टाळावेत. नंतर सुरू करायचे झाल्यास डॉक्टरांना विचारून आणि ग्लुटेन-फ्री छाप असलेलेच घ्यावेत.

आपल्याकडचा एक खास गैरसमज म्हणजे खपली. खपली गहू पचायला हलका, जुना, देशी, असे सांगून विकला जातो. पण खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते. सिलिअॅकच्या रुग्णाला तो चालत नाही.

घरगुती वाटणाऱ्या तीन पदार्थांकडेही लक्ष द्यावे. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात मूठभर गहू घालण्याची पद्धत आहे. आणि ‘सातूचे पीठ’ म्हणून जे मिळते, ते बहुधा गहू आणि डाळ्याचे किंवा जवाचे असते. भाजणी आणि मेतकूट गहू वगळून घरी उत्तम करता येतात. चवीत फारसा फरक पडत नाही.

राहिला हिंग. बाजारातला नेहमीचा बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते. चिमूट लहान, पण ती रोज दोन्ही वेळच्या फोडणीत पडते. हिंग घातलेल्या पापडांतून आणि तयार मसाल्यांतूनही तो येतो. तांदळाचे पीठ वापरलेला किंवा ग्लुटेन-फ्री लिहिलेला हिंग मिळतो. तो न मिळाल्यास जिरे, लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी चांगली लागते.

गिरणीत गहू भेटतो

ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ या धान्यांत ग्लुटेन नाही. पण ती ज्या गिरणीत दळली जातात, तिथे दिवसभर गहू दळला जातो. गव्हावर ज्वारी दळली की जात्यात राहिलेली कणीक ज्वारीत उतरते. पीठ डोळ्यांना शुद्ध दिसते, रोग्याला मात्र ते चालत नाही. तयार मिळणाऱ्या सुट्या ज्वारीच्या पिठाचेही तेच. बेसनही त्याच जात्यातून जाते.

गिरणीवाल्याला ‘ग्लुटेन’ समजावत बसण्यापेक्षा त्याला ठाऊक असलेल्या भाषेत सांगावे. आषाढी-कार्तिकीच्या आधी भगर, राजगिरा, शिंगाडा दळायला नेताना अनेक घरांतून ‘उपवासाचे आहे, दुसऱ्या धान्यावर दळू नका’ असे बजावले जाते आणि गिरणीवाला ते पाळतोही. सिलिअॅकच्या रुग्णाचे दळण म्हणजे रोजच्या उपवासाचे दळण समजावे. फरक एवढाच की गिरणीचे जाते एकदा झाडून भागत नाही. आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढले, तरी गहू पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही. परवडत असेल तर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नवी घरघंटी घेणे आणि तिच्यात गहू कधीच न टाकणे. दोन-तीन रुग्णांच्या कुटुंबांनी मिळून एक घेतली तरी चालते. ते शक्य नसेल, तर गहू न दळणारी गिरणी शोधावी, किंवा धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये वाटावे आणि बारीक चाळावे. भात, इडली, आंबोळी, साबुदाणा या पदार्थांना तर गिरणी लागतच नाही.

धान्य निवडणेही महत्त्वाचे. डाळी, ज्वारी, राजगिरा यांत गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. रेशनवर मिळणारा गहू घरातल्या इतरांसाठी वापरायचा असेल, तर त्याचा डबा वेगळ्या फळीवर, खालच्या बाजूला ठेवावा.

भाकरी, ब्रेड आणि केक

कणीक ताणली जाते, चपाती पातळ लाटता येते आणि पाव फुगतो, तो ग्लुटेनमुळे. ग्लुटेनची जाळी हवा धरून ठेवते. ती नसेल तर पीठ तुटते. भाकरी करणाऱ्या पिढ्यांनी यावर तोडगा फार पूर्वी काढला आहे, तो म्हणजे उकळते पाणी. तांदळाचे पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढली की त्यातला स्टार्च चिकट होतो आणि पीठ मळता येते. ज्वारीचे पीठ ताजे असावे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना चिरते. मात्र भाकरी तुटते म्हणून त्यात मूठभर कणीक मिसळण्याची सवय काही घरांत असते, ती पूर्ण सोडावी.

ब्रेडसाठी ग्लुटेनचे काम इसबगोल बऱ्याच अंशी करतो. एक सोपे प्रमाण असे : १५० ग्रॅम तांदळाचे पीठ, १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे इसबगोल, एक छोटा चमचा कोरडे यीस्ट, एक मोठा चमचा साखर, चवीपुरते मीठ, दोन अंडी, दोन मोठे चमचे तेल आणि साधारण २७५ मिलिलिटर कोमट पाणी. हे पीठ कणकेसारखे मळले जात नाही. केकच्या मिश्रणापेक्षा थोडे घट्ट असते. दहा मिनिटे ठेवले की इसबगोल पाणी शोषतो. मग ते तेल लावलेल्या साच्यात ओतावे, पाऊण तास फुगू द्यावे आणि १८० अंश सेल्सिअसला ४५ ते ५० मिनिटे भाजावे. पूर्ण थंड झाल्याशिवाय कापू नये, नाहीतर आतून चिकट लागतो. पहिला ब्रेड बहुधा बसतो. पुढच्या वेळी पाणी थोडे कमी करून पाहावे.

केक त्या मानाने सोपा, कारण त्याला ताण लागत नाही. तांदळाचे पीठ, थोडे कॉर्नफ्लोअर आणि अंडी यांचा केक छान होतो. नानकटाई बेसन आणि तांदळाच्या पिठाची करावी. मुलाच्या वाढदिवसाला एवढे आले की निम्मी लढाई जिंकली. बाहेरच्या बेकरीत मागणी नोंदवून केलेला ‘बिनमैद्याचा’ केक मात्र टाळावा. तिथे मैदा हवेत, ओट्यावर, साच्यांत सगळीकडे असतो.

एकाच स्वयंपाकघरात दोन्ही प्रकार होत असतील तर आधी ग्लुटेनमुक्त स्वयंपाक करावा, मग चपात्या. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की चालतात. पण पोळपाट-लाटणे, लाकडी काथवट, चाळणी, टोस्टर आणि भाकरी गुंडाळायचे फडके वेगळे हवे. लोण्याच्या किंवा चटणीच्या डब्यात चपातीचे कण लागलेला चमचा जाऊ देऊ नये.

हॉटेलात, प्रवासात

हॉटेलात ‘हे ग्लुटेन-फ्री आहे का?’ असे विचारले की वेटर भिडेखातर ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा ‘यात गहू, मैदा, रवा किंवा पाव आहे का? तळण्याचे तेल वेगळे आहे का?’ असे विचारावे. हेच एका चिठ्ठीवर लिहून आचाऱ्यापर्यंत पाठवले तर आणखी चांगले.

कुठे काय लपलेले असते, हेही माहीत हवे. मालवणी खानावळीत सुरमई बहुतेक वेळा रव्यात घोळवून तळतात. ती तांदळाच्या पिठात घोळवून, स्वच्छ तव्यावर मागावी, किंवा आमटी-भात घ्यावा. बटाटावडा बेसनाचा, पण त्याच कढईत समोसा तळलेला असतो. मिसळीत पाव नको म्हटले तरी फरसाणात मैद्याचे प्रकार असू शकतात. पाणीपुरीची पुरी रव्या-मैद्याची. उडुपी हॉटेलातली वाफवलेली इडली बरी, पण रवा इडली आणि रवा डोसा चालत नाही, काही ठिकाणी डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात रवा-मैदा मिसळतात, आणि सांबारात हिंग असतो. चिनी पदार्थांत सोया सॉस जवळपास सगळीकडे. गोव्यात पोई आणि पाव गव्हाचेच. सान्नां मात्र तांदळाची.

घाईच्या वेळी हाताशी असलेले पर्याय म्हणजे साधा भात आणि दही, उकडलेली अंडी, फळे, शेंगदाणे, शहाळे. उपवासाची साबुदाणा खिचडी आणि भगर मुळातच ग्लुटेनमुक्त असते, आणि अनेक ठिकाणी वेगळ्या भांड्यात होते. पण रोजचे पथ्य साबुदाणा-बटाट्यावर काढू नये. त्यात प्रथिने आणि लोह नगण्य असतात. दूरच्या प्रवासात ज्वारीच्या किंवा बाजरीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याची वडी बरोबर ठेवावी.

प्रसाद, पंगत आणि डबा

पथ्य मोडते ते भुकेपेक्षा भिडेमुळे जास्त. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो आणि प्रसादाला नाही म्हणायचे नाही, अशी श्रद्धा असते. केळे, पंचामृत किंवा खडीसाखर हाही प्रसादच आहे. शिरा हातात घेऊन नमस्कार करून शेजारच्याला दिला तरी अनादर होत नाही. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. चर्चमधला होस्ट गव्हाचा असतो, पण फक्त द्राक्षरसाच्या रूपात कम्युनियन घेण्याची मुभा कॅथलिक चर्चने दिलेली आहे. लग्नाच्या पंगतीला जाताना घरून थोडे खाऊन जावे, आणि शक्य असल्यास यजमानांना आधीच सांगून वाढण्याआधी वरण-भात वेगळा काढून घ्यावा.

मुलांच्या बाबतीत शाळेतल्या बाईंना निदानाचा कागद दाखवून ठेवावा. डबा वाटून खाणे ही शाळेतली गोड सवय, पण या मुलाला ती घातक ठरते. त्याच्या डब्यात दोन घास जास्त द्यावेत, म्हणजे तो देऊ शकेल. घेणार मात्र नाही, हे त्याला वयाप्रमाणे समजावून सांगावे. मूल लपूनछपून बिस्किटे खात असेल तर रागावण्याऐवजी घरात तशीच चवीची वस्तू असू द्यावी. सिलिअॅकची मुले पथ्य सोडतात ती किशोरवयात, मित्रांसमोर वेगळे दिसू नये म्हणून. त्या वयात स्वतःची भाकरी किंवा केक स्वतः करता येणे फार उपयोगी पडते.

पहिल्या महिन्यातली कामे

निदान झाल्यावर एकाच दिवसात सगळे बदलत नाही. क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात हिंग, भाजणी, मेतकूट आणि मुलाची दुधातली पावडर बदलावी. दुसऱ्या आठवड्यात दळणाची सोय लावावी आणि चाळणी, पोळपाट, लाटणे नवे घ्यावे. महिनाभरात आहारतज्ज्ञांना एकदा भेटून आठवड्याचे खाणे लिहून दाखवावे. सरकारी रुग्णालयातील आहारतज्ज्ञांकडेही हे करता येते. लोह, फॉलिक अॅसिड, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती कमी आहे ते तपासून औषधे सुरू करावी. ती मध्येच सोडू नयेत. सहा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी टीटीजीची तपासणी करावी. आकडा पूर्ण खाली यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. पण तो उतरायचा थांबला, तर रुग्णाला दोष देण्याआधी घरातल्या पिठाचा, तेलाचा आणि डब्यांचा शोध घ्यावा.

आणखी एक काम राहून जाते. हा आजार कुटुंबात चालतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांना काहीही त्रास नसला, तरी त्यांचीही टीटीजी तपासणी करून घ्यावी. आणि ती होईपर्यंत त्यांनी गहू खाणे थांबवू नये.